सिम्युलेटरमधून खऱ्या प्रवासाकडे: एका जागेचा माग कसा काढायचा

अटलांटिक महासागरातल्या, पोर्तुगालच्या मदेरा बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला धरून, दीड हजार फुटांवरून मी सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन पश्चिमेकडे चाललो होतो. विमान सिम्युलेटरमधलं, मी टेबलाशी बसलेलो. उजव्या हाताला काबो जिरांवचा कडा आला. त्याची उंची ५८० मीटर, म्हणजे कड्याचा माथा माझ्याही वर होता. तो मागे पडला आणि पुढच्या कड्याच्या पायथ्याशी, अगदी समुद्राला लागून, शेतांची एक चिंचोळी हिरवी पट्टी दिसली. वर उभा कातळ, खाली पाणी, रस्त्याचा मागमूस नाही. मी विमान वळवून परत आणलं. मग आणखी एकदा. शेत आहे म्हणजे माणूस येतो-जातो, मग तो उतरतो कुठून?

सिममध्ये याचं उत्तर नव्हतं. नकाशात शोधल्यावर नाव सापडलं: फजां दुश पाद्रिश. फजां म्हणजे दरड कोसळून किंवा लाव्हा समुद्रात उतरून कड्याच्या पायथ्याशी तयार झालेली सपाट जमीन. पाद्रिश म्हणजे पाद्री. आपला ‘पाद्री’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. ही जमीन एकेकाळी जेझुइट पाद्र्यांची होती आणि तिथे होडीने किंवा कड्यावरून उतरणाऱ्या केबल कारने जातात. त्या संध्याकाळपर्यंत मदेरा माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. त्यानंतर ते डोक्यातून गेलं नाही.

सिम्युलेटर प्रवासाची ओढ लावतो ती अशी. नुसती सुंदर दृश्यं पाहून ‘कधीतरी जाऊ’ एवढंच वाटतं आणि ते आठवड्यात विरून जातं. पण स्क्रीनवर न सुटणारा एखादा प्रश्न मागे लागला, की जायला कारण मिळतं. असे प्रश्न पडतील अशा पद्धतीने उडायचं कसं आणि त्यातून खरी सहल उभी कशी करायची, ते पुढे सांगतो. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी मदेराच घेतलं आहे, कारण एकच जागा शेवटपर्यंत धरून ठेवणं हाच या पद्धतीचा गाभा आहे.

पहिली पायरी: प्रवासासाठी योग्य सिम निवडा

विमानाच्या यंत्रणा शिकायच्या असतील तर निवड वेगळी आणि जग पाहायचं असेल तर वेगळी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० आणि २०२४ च्या आवृत्त्या उपग्रहचित्रांवरून आणि हवाई छायाचित्रांवरून जमीन उभी करतात, तीही इंटरनेटवरून, तुम्ही उडत असताना. त्यामुळे जवळपास कुठल्याही खोऱ्यात शिरलात तरी ते खोरं ओळखू येतं. यासाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि अखंड, वेगवान इंटरनेट लागतं. एक्स-प्लेन १२ मध्ये विमान हवेत कसं वागतं ते फार छान जाणवतं, पण मूळ सीनरी, म्हणजे खाली दिसणारी जमीन आणि इमारती, प्रातिनिधिक असते. खरी जमीन हवी असेल तर ऑर्थोफोरएक्सपी या मोफत साधनाने त्या भागाची छायाचित्रं स्वतः चढवावी लागतात. फ्लाइटगिअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. आणि संगणक अगदीच जुना असेल तर डेस्कटॉपवरच्या गूगल अर्थ प्रोमध्येही साधा फ्लाइट सिम्युलेटर दडलेला आहे, त्यावर सुरुवात करा.

जॉयस्टिक असेल तर उत्तम, नसेल तर गेमपॅड चालतो. टेकऑफ करणं, उंची राखणं आणि हलकं वळण घेणं एवढं जमलं की हा लेख तुमच्यासाठी आहे. लँडिंग मागाहून शिकता येतं.

दुसरी पायरी: ‘सर्वांत थरारक’ याद्या बाजूला ठेवा

नवीन माणूस सिम उघडतो आणि थेट नेपाळमधल्या लुक्लाला जातो, मग फ्रान्समधलं कूर्शव्हेल, मग भूतानमधलं पारो, मग कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिनच्या समुद्रकिनाऱ्यावरून डोकं घासत जाणारं लँडिंग. मीही तेच केलं आणि त्यात गैर काही नाही. पण दहा दिवसांत दहा धावपट्ट्या पाहून झाल्यावर लक्षात राहते ती फक्त धावपट्टी. तिच्याभोवतालच्या गावाचं, डोंगराचं, नदीचं काहीच उरत नाही.

त्याऐवजी एक छोटा प्रदेश निवडा, जो एका बैठकीत पूर्ण फिरून होईल. बेटं यासाठी फार सोयीची. मदेरा साधारण ५७ किलोमीटर लांब आणि २२ किलोमीटर रुंद आहे. सेसना १७२ ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे पाऊण तासात किनाऱ्याने पूर्ण फेरी होते. बेट नको असेल तर एखादी नदी उगमापासून मुखापर्यंत घ्या किंवा दोन घाटांमधला डोंगराळ पट्टा. सीमा ठरलेल्या असल्या की लक्ष विखुरत नाही.

तिसरी पायरी: उडण्याआधी नकाशा वाचा

लिटल नॅव्हमॅप हा मोफत प्रोग्राम सिमला जोडता येतो; त्यात मार्ग आखा. स्कायव्हेक्टरवर जगभरचे हवाई नकाशे पाहता येतात. मार्गावर पाच-सहा ठळक खुणा ठरवा: बंदर, नदीचं मुख, खिंड, सर्वांत उंच शिखर. प्रत्येकीजवळ तिची उंची लिहा.

उंचीची गोष्ट महत्त्वाची. हवाई नकाशात उंची बहुधा फुटांत आणि पायवाटांच्या नकाशात मीटरमध्ये असते. मदेराचं सर्वोच्च शिखर पिको रुइवो १,८६२ मीटर, म्हणजे सुमारे ६,१०० फूट. किनाऱ्यापासून तिथवरचं सरळ अंतर फार थोडं आहे. हे आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडले की बेट किती उभं आहे ते उडण्याआधीच कळतं. अंतर नॉटिकल मैलात दिसलं तर १.८५२ ने गुणा, किलोमीटर मिळतील.

चौथी पायरी: हळू, खाली आणि कॉकपिटमधूनच

पंख वर असलेलं विमान घ्या, म्हणजे खाली पाहताना पंख आड येत नाही. सेसना १७२ तशीच आहे, आणि तिचा संथपणा इथे कामी येतो. जमिनीपासून हजार ते दोन हजार फूट उंची ठेवा. याहून वर गेलात की घरं ठिपके होतात. फार खाली आलात की सीनरीतले दोष डोळ्यांत खुपतात.

पहिली फेरी स्वच्छ हवामान आणि सकाळची नऊ-दहाची वेळ लावून करा. तेव्हा सावल्या लांब असतात आणि दऱ्याखोऱ्यांचा आकार उठून दिसतो. दुपारी बारा वाजता तीच जमीन सपाट वाटते.

ड्रोन कॅमेरा, म्हणजे सिममधला विमानाबाहेर मोकळा फिरणारा कॅमेरा, मात्र सुरुवातीला वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तो कुठेही नेतो, म्हणून काहीच शिकवत नाही. कॉकपिटच्या खिडकीतून पाहताना कडा आड येतो, वळण घ्यावं लागतं, ‘त्या पलीकडे काय असेल’ असं मनात येतं. ते मनात येणंच आपल्याला हवं आहे.

पाचवी पायरी: न कळलेल्या गोष्टींची वही

शेजारी वही ठेवा. काय सुंदर दिसलं ते लिहू नका, त्यासाठी स्क्रीनशॉट आहेत. काय कळलं नाही ते लिहा. माझ्या वहीतल्या मदेराच्या पानावर पहिल्या तीन फेऱ्यांनंतर हे होतं: कड्याखालच्या शेतात कसे जातात? उत्तरेचे उतार गर्द आणि पूर्वेचं टोक उघडंबोडकं का? धावपट्टीचं एक टोक समुद्रावर कशावर उभं आहे?

आता उत्तरं शोधायला बसा. यातल्या पहिल्याचं वर सांगितलं. दुसऱ्याचं उत्तर वाऱ्यात आहे: ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे ओलावा घेऊन येतात, उंच डोंगर त्यांना अडवतात, उत्तरेला ढग आणि पाऊस पडतो. तिथल्या लॉरेलच्या जुन्या जंगलाला १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. पूर्वेचं साओ लोरेन्सोचं टोक मात्र बुटकं आहे, वारा त्याच्यावरून तसाच निघून जातो. तिसरं: डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जागाच नसल्यामुळे २००० मध्ये धावपट्टी खांबांवर पुढे नेली आणि तिची लांबी २,७८१ मीटर झाली. त्या खांबांच्या मधून चालता येतं हे वाचल्यावर माझ्या यादीत आणखी एक जागा वाढली.

काही प्रश्नांची उत्तरं वाचून मिळतात आणि तिथेच संपतात. काही उत्तर मिळाल्यावर जास्तच टोचतात. पाण्याच्या कालव्यांचंच घ्या. पावसाळी उत्तरेचं पाणी कोरड्या दक्षिणेकडे नेणारे हे लेवादा डोंगराच्या कुशीतून हलक्या उतारावर मैलोन्मैल जातात आणि त्यांच्या काठाने चालायच्या वाटा आहेत. हवेतून ते बहुतेक ठिकाणी दिसतच नाहीत, झाडीखाली असतात. त्या वाटेवर पाण्याचा आवाज किती मोठा असेल? हे कुठलाही नकाशा सांगत नाही. असे प्रश्न वहीत गोल करून ठेवा. तुमच्या सहलीचा आराखडा त्यांतूनच निघणार आहे.

सहावी पायरी: सिमवर आंधळा विश्वास ठेवू नका

२०२० मध्ये मेलबर्नच्या एका उपनगरात, बैठ्या घरांच्या वस्तीत, खेळाडूंना आकाशात घुसलेला एक सुळका सापडला. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांनी मिळून बनवलेल्या नकाशात कुणीतरी एका इमारतीचे मजले २ ऐवजी २१२ असे भरले होते आणि सिमने तो आकडा खरा मानून मनोरा उभारला होता. हा दोष ठळक म्हणून सापडला. बारीक दोष तसेच राहतात: माळरानावर झाडं उगवतात, पूल पाण्याला टेकतात, जुनं देऊळ किंवा चर्च सपाट छपराचं गोदाम होऊन बसतं.

म्हणून वहीतली प्रत्येक जागा तीन ठिकाणी तपासा: ताजं उपग्रहचित्र, पायवाटा दाखवणारा नकाशा आणि तिथे जमिनीवरून काढलेले फोटो. तिन्हींत जी गोष्ट टिकते तिच्यावरच प्रवास बेता. आणि दोन गावांमधलं अंतर रस्त्याने किती ते न चुकता पाहा. विमानातून जी दरी अर्ध्या मिनिटात ओलांडली तिला वळसा घालायला रस्त्याने पाऊण तास लागू शकतो. सिम खेळणाऱ्यांचे प्रवासाचे बेत सर्वाधिक फसतात ते इथेच. एका दिवसात चार जागा सहज होतील असं वाटतं आणि दोनच होतात.

सातवी पायरी: दोन आठवडे खऱ्या हवामानात उडा

आता लाइव्ह वेदर, म्हणजे त्या क्षणाचं खरं हवामान, लावा. ज्या महिन्यात जायचा विचार आहे त्या महिन्यात, शक्यतो रोज एकाच वेळी, पंधरा-वीस मिनिटं तीच फेरी करा. उडण्याआधी विमानतळाचा हवामान अहवाल, म्हणजे मेटार, वाचा. त्यात वाऱ्याची दिशा आणि वेग, झोत, दृश्यता, ढगांचं प्रमाण आणि उंची, तापमान, दवबिंदू आणि हवेचा दाब मुख्यतः एवढंच असतं. चार दिवसांत सवय होते.

समजा, मदेराच्या अहवालात ढग ‘ब्रोकन’, २,५०० फूट असे आहेत. ब्रोकन म्हणजे आकाशाच्या आठ भागांपैकी पाच ते सात भाग झाकलेले. २,५०० फूट म्हणजे सुमारे ७६० मीटर, तेही विमानतळापासून. विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ५८ मीटरवर आहे. म्हणजे ढगांचा तळ ८२० मीटरच्या आसपास. पिको आरिएरो १,८१८ मीटरवर आणि पिको रुइवो त्याहून वर. त्या दिवशी शिखर एक तर ढगात असणार किंवा ढगांच्या वर, लख्ख उन्हात. सिममध्ये चढून पाहा. ढगांचा थर पातळ निघाला आणि वर पांढऱ्या समुद्रातून शिखरं डोकावताना दिसली की पहाटे लवकर उठून वर का जायचं ते कुणी सांगावं लागत नाही.

वाऱ्याचाही धडा इथेच मिळतो. या विमानतळावर जोराच्या वाऱ्यात विमानं उतरू शकत नाहीत, घिरट्या घालून थांबतात किंवा शेजारच्या पोर्तो सान्तो बेटाकडे वळवली जातात. झोतांच्या दिवशी सिममध्ये उतरायचा प्रयत्न करा, घाम फुटतो. यावरून शिकायचं ते असं, की परतीच्या दिवशी लगेच पुढचं विमान पकडायचं असा बेत ठेवू नये. हे सगळं तिकीट काढायच्या आधी कळतं, हा या पायरीचा फायदा.

आठवी पायरी: शरीराचा हिशोब सिम करत नाही

यासाठी मदेरा सोडून लुक्लाकडे जावं लागेल. तिथली धावपट्टी ५२७ मीटर लांब, सुमारे १२ टक्के चढाची, समुद्रसपाटीपासून २,८४५ मीटरवर. तिथून एव्हरेस्टचा बेस कॅम्प सरळ रेषेत जेमतेम ३७ किलोमीटर. सिममध्ये ट्विन ऑटर हे दोन इंजिनांचं छोटं विमान घेऊन मी तो टप्पा आठ मिनिटांत पार केला. चालत जाणाऱ्याला त्याच अंतरासाठी साधारण आठ दिवस लागतात.

हा फरक नुसत्या वाटेचा नाही. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि मधे विश्रांतीचे दिवस ठेवावेत, असा सर्वमान्य सल्ला आहे. सिममध्ये वीस हजार फुटांवर खुर्चीत आरामात बसलेल्या माणसाला हे आठवत नाही. म्हणून उंचावरची जागा निवडली असेल तर फेरीनंतर प्रत्येक मुक्कामाची उंची वहीत ओळीने लिहा आणि दोन ओळींतला फरक पाहा. डॉक्टरांशी बोलायची वेळही तीच.

नववी पायरी: खिडकी कुठली?

प्रवासी विमानाच्या तिकिटात जागा निवडायची असते तेव्हा बहुतेक लोक पुढे-मागे पाहतात, डावं-उजवं नाही. तुमच्याकडे सिम आहे. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर तेच उड्डाण मागच्या आठवड्यात कुठून गेलं ते पाहा, सिमसाठी मार्ग आखून देणाऱ्या सिमब्रीफवर मार्ग तयार करा आणि खऱ्या तारखेला, खऱ्या वेळेला सिममध्ये तो उडा. पूर्ण मार्ग नको; शेवटची चाळीस मिनिटं पुरेत.

नियम सोपे आहेत. काठमांडूहून लुक्लाला जाताना विमान पूर्वेकडे जातं आणि हिमालयाची रांग उत्तरेला असते, म्हणजे डावी खिडकी. परतताना उजवी. मदेराला दक्षिण किनाऱ्याने ईशान्येकडे उतरत असाल तर बेट डावीकडे. लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग गोलाकार पृथ्वीमुळे ग्रीनलँडच्या दक्षिण भागावरून जातो; बर्फाचा मोठा विस्तार उजवीकडे, उत्तरेला. ऊन कुठल्या बाजूने आत येईल तेही सिममध्ये दिसतं, कारण खिडकी बरोबर आणि सूर्य थेट डोळ्यांवर असेल तर काहीच दिसत नाही. पंखावरची रांग टाळा.

३५,००० फुटांवरून स्वच्छ हवेत क्षितिज ३७० किलोमीटरच्या आसपास असतं. त्यामुळे मार्गापासून दूरचे डोंगरही खुणांच्या यादीत धरा.

जे विमानतळ आता नाहीत

जुन्या सिमच्या चाहत्यांसाठी हा वेगळाच रस्ता आहे. मायक्रोसॉफ्टच्या सुरुवातीच्या कित्येक आवृत्त्यांत पहिलं टेकऑफ शिकागोच्या मेग्ज फील्डवरून व्हायचं. मार्च २००३ मध्ये एका रात्रीत त्याची धावपट्टी उखडण्यात आली. आज तिथे उद्यान आहे. हाँगकाँगचं काई टाक १९९८ मध्ये बंद झालं, तिथल्या समुद्रात घुसलेल्या धावपट्टीच्या टोकाशी आता मोठ्या प्रवासी जहाजांचा धक्का आहे. बर्लिनचं टेम्पलहोफ २००८ मध्ये थांबलं आणि २०१० मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे तुम्ही खऱ्या धावपट्टीच्या मधोमध चालू शकता. जुनी सीनरी घालून उडा, मग तिथे जाऊन पायांनी धावपट्टी मोजा.

दहावी पायरी: तिथे गेल्यावर आणि परत आल्यावर

वहीतले गोल केलेले प्रश्न वेगळ्या पानावर उतरवा; सहा-सातपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकासाठी अर्धा दिवस द्या. फोनमध्ये नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. उतरताना खुणा ओळखायचा प्रयत्न करा; मनातल्या मनात ‘आता बंदर, आता खिंड’ असं म्हणत गेलात की परकी जमीन ओळखीची वाटते. जमलं तर तिथल्या एखाद्या फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षकासोबतचं छोटं उड्डाण घ्या. सिममध्ये घिरट्या घातलेल्या जागेवर खऱ्या विमानातून जाताना पहिल्यांदा जाणवतं ते हवेचं हलणं. ते खुर्चीत कधीच कळलेलं नसतं.

परतल्यावर वही बंद करू नका. तीच तारीख, तीच वेळ, तीच उंची लावून सिम सुरू करा आणि तुमचे फोटो शेजारी धरा. कुठे पायवाट नकाशात नव्हती, कुठे इमारतीचे मजले चुकले होते, कुठे पाड्याचं नावच नव्हतं, ते लिहून काढा. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून या दुरुस्त्या तुम्ही स्वतः करू शकता. एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअरसाठी सीनरी बनवणारे तो नकाशा वापरतात. एक्स-प्लेनच्या सीनरी गेटवेवर तर लोकांनी बनवलेले विमानतळही स्वीकारले जातात. तुम्ही काढलेली वाट पुढच्या एखाद्या आवृत्तीत कड्यावरून खाली उतरताना दिसेल, आणि दीड हजार फुटांवरून कुणीतरी विमान वळवून ती पुन्हा पाहायला येईल.